गप्प राहायचे पैसे

मावशीवर कॅन्सरचे उपचार करणाऱ्या संस्थेसाठी मी निधी जमवायला निघाले. मी दिवसभर गप्प राहायचं, लोकांनी त्याचे पैसे द्यायचे. एक शब्द जरी निघाला तरी सगळे परत. माझ्या बडबडीने पिडलेल्या शेजाऱ्यांची रांगच लागली. बाबांनी तर कधी नव्हे ते न मागता दिले. आयुष्यात कुणाला वर्गणी न दिलेल्या समोरच्या काकूंनीही दिले आणि माझ्यावर पहारा ठेवायला आमच्याच सोफ्यावर ठाण मांडलं. दुपारी मावशीचा व्हिडिओ कॉल आला. टकलावरून हात फिरवत ती म्हणाली, “इथे सगळे माझ्याशी कुजबुजल्यासारखे बोलतात गं. तू तरी बडबड की.” मी ओठ घट्ट मिटले. डोळे मात्र ऐकेनात. काकू खेकसल्या, “शाळेत मधली सुट्टी असते ना? घे दहा मिनिटं.” मी तासभर बोलले. काकू घड्याळाकडे पाठ करून बसल्या होत्या.