चेहऱ्याला खोबरेल

औषधाच्या दुकानातल्या ताईंनी खोबरेलाची बाटली उचलली आणि काउंटरच्या आपल्या बाजूला ठेवून दिली.

"चेहऱ्याला नको," त्या म्हणाल्या. "केसांना खुशाल लावा."

मागितलं ते देऊन मोकळं व्हायचं, हे ताईंना बावीस वर्षांत जमलं नव्हतं. सल्ला दिल्याशिवाय हिच्या घशाखाली घास उतरत नाही, असं त्यांचा नवरा म्हणे. समोर उभी होती ती कारखान्याचा निळा डगला घातलेली एक आई. मुलीसाठी विचारत होती. मुलगी एकोणीस वर्षांची, दिसायला देखणी, कपाळावर अधूनमधून चार-दोन मुरुमं. एक तारखेपासून तीही आईच्याच कारखान्यात पॅकिंगला लागणार होती.

लेकीच्या पहिल्या नोकरीसाठी आईची ही धडपड पाहून ताईंना भरून आलं. त्यांनी सगळं नीट समजावलं. खोबरेल एखादीला चालूनही जातं, पण मुळात मुरुमं येणाऱ्या चेहऱ्याची छिद्रं त्यानं बुजतात. मग दुष्काळात तेरावा महिना. स्वतः ताईंनी त्या वयात आजीचं ऐकून महिनाभर चोपडलं होतं, आणि वर्गाच्या फोटोत त्या मान खाली घालून बसल्या होत्या.

आई कान देऊन ऐकत होती. मुरुमं किती दिवसांत वाढतात, रात्री लावून तसंच झोपलं तर काय, चेहरा धुतलाच नाही तर काय, असं एकेक खोदून विचारत होती. असं गिऱ्हाईक विरळाच. ताईंनी खूश होऊन सौम्य साबण आणि मलमाची ट्यूब पुढे ठेवली.

"महिना-दोन महिन्यांत चेहरा कसा लख्ख होईल. सगळे बघत राहतील पोरीकडे."

आईनं साबण आणि मलम परत सरकवलं.

"तेलच द्या. मोठी बाटली."

ताईंना रागच आला. इतका वेळ पालथ्या घड्यावर पाणी ओतलं की काय, असं त्यांनी स्पष्टच विचारलं.

"नाही, सगळं कळलं मला," आई खालच्या आवाजात म्हणाली. "आमचे साहेब रोज सकाळी रांगेतली एक मुलगी आत बोलावतात, ताई. चेहरा बघून."