हात लावू नये

मागचं अंगण लख्ख करून सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, तेवढ्यात आठवडाभराच्या दौऱ्यावरून सून परतली. आता कौतुकाचे चार शब्द कानावर पडणार, अशी सासूबाईंची पक्की खात्री होती. सून मात्र दारातच थिजली. खांद्यावरची पिशवी आपोआप खाली घसरली.

"आई, माझं रान कुठे गेलं?"

सासूबाईंनी अभिमानाने फाटकाकडे बोट दाखवलं. तिथे उपटलेल्या झुडपांचा ढीग पडला होता.

मग उलगडा झाला. मागची खोली पाडली, त्या मोकळ्या जागेत कुणी काही न लावता काय काय उगवतं, यावर सुनेचा प्रबंध चालला होता. आधी शेवाळ आलं, मग गवत, गवताच्या आडोशाने झुडपं, आणि झुडपांच्या सावलीत यंदा कुठे एक खरंखुरं झाड डोकं वर काढत होतं. प्रबंधाचा शेवट त्या झाडावरच अवलंबून होता. ते आता ढिगात सगळ्यात खाली होतं.

"पाटी लावली होती ना मी? हात लावू नये म्हणून?"

"ती होय. मला वाटलं, बाहेरच्यांसाठी असेल."

पाटी त्यांनी घासूनपुसून पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवली होती.

सून पिशवी उचलून आत गेली. सासूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी सून बाहेर येऊन बघते, तर सासूबाई ढिगातलं एकेक झुडूप काढून सरळ रांगेत लावत होत्या, प्रत्येकाला काठीचा आधार देऊन. सुनेला रडावं की हसावं कळेना. शेवटी हसूच आलं.

"राहू द्या, आई. उजाड जमिनीपासून पुन्हा मांडते सगळं. मागच्या वेळी पहिलं शेवाळ नेमकं कधी आलं, ते बघायचं राहूनच गेलं होतं. तुम्ही फक्त काही करू नका."

इतकं अवघड काम सासूबाईंना जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. त्या रोज सकाळी खुर्ची टाकून अंगणात बसू लागल्या. आणि एक दिवस त्यांनी हाक मारली, "अगं, बाहेर ये. पाहुणे आलेत."

सून केस सारखे करत फाटकाशी धावली. तिथे कुणीच नव्हतं. सासूबाई दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसल्या होत्या आणि हनुवटीने जमिनीवरच्या इवल्याशा हिरव्या ठिपक्याकडे खुणावत होत्या.

"लवकर बघून घे," त्या म्हणाल्या. "माझे हात शिवशिवतायत."