होड्यांचा पूल

“आप्पा, काम तसं सोपं हाय. नदीत लोखंडी होड्या सोडायच्या, एकीला एक जोडायची, की झाला पूल.”

फोनवर स्वरूपचं तोंड दिसत होतं. डोक्यावर हेल्मेट, मागं बर्फ. येळ्ळूरच्या घरात सुबराव खुर्चीच्या कडेला सरकले. शेजारी बायको चंद्राबाई शेंगा फोडत बसली होती.

गोदामातली नोकरी म्हणून पोरगा परदेशी गेला. उतरल्या उतरल्या एजंटानं पासपोर्ट काढून घेतला, न वाचता येणाऱ्या कागदावर सही घेतली, आणि स्वरूप परक्यांच्या लढाईत अडकला. त्याला चार महिने झाले. चंद्राबाईला सुबरावांनी एवढंच सांगितलं होतं, की फौजेकडं बांधकामाला आहे, लढाईपासून लांब.

सुबरावांनी सैन्यात सव्वीस वर्षं पूल बांधले होते. बायकोला कळू नये म्हणून त्यांनी फौजी भाषा धरली.

“पाँटून ब्रिज. बरं. पलीकडं ब्रिजहेड?” पलीकडचा काठ आधी कुणी धरलाय का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

“न्हाय. पुलावरनं टँक जाऊन धरणार म्हणं.”

“कव्हरिंग फायर? स्मोक?” होड्या जोडणाऱ्यांना आडोसा म्हणून मागून गोळीबार, निदान धूर तरी असेल, असं त्यांना वाटलं.

“तसलं काय बोलले न्हाईत. आमी फर्स्ट वेव्हला हाय. उद्या पहाटे.”

सुबरावांना ठाऊक होतं, उघड्या पाण्यात होड्या जोडणारी माणसंच पहिली टिपली जातात.

“रिट्रीट?”

“मागं बंदुका घिऊन त्यांचीच माणसं उभी हायत.”

एकच वाट होती. दोन होड्यांच्या सांध्यात गावातल्या भरमूचा पंजा चिरडला होता, त्यांच्याच पलटणीत. हात जन्माचा गेला, पण भरमू घरी आला. आणि घरी सुटावं म्हणून स्वतःच्या पायावर गोळी झाडून घेणाऱ्या एका जवानाला सुबरावांनी स्वतः पकडून दिलं होतं. भरतीला जाणाऱ्या पोरांना ते छाती फुगवून ती गोष्ट सांगत. वाक्य ओठापर्यंत आलं आणि तिथंच अडकलं.

“आप्पा, ऐकू येतंय न्हवं? फोनचं एकच मिनिट ऱ्हायलंय.”

चंद्राबाईनं सूप बाजूला सारलं, पदराला हात पुसले आणि नवऱ्याच्या हातातून फोन घेतला.

“स्वरूप, होड्या जोडताना डावा हात सांध्यात ठेव. डावा. उजवा न्हवं. भरमूचा गेलता तसा. दवाखान्यात न्हेतील. जित्ता ये, बाळा.”

फोन कटला.

पाचव्या दिवशी फोटो आला. दवाखान्याची खाट, डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. खाली लिहिलं होतं, ‘पूल ऱ्हायला न्हाय. पोरंबी.’

फोटो बघून सुबराव लहान मुलासारखे रडले. मग म्हणाले, “तुला ते सगळं कळत हुतं?”

“तुमी कारगिलला हुतासा तवा रेडिओवरचा एकेक शब्द मी मास्तरांस्नी जाऊन इचारलाय,” चंद्राबाई म्हणाली. “चार म्हैनं कायबी कळत न्हाय असं दाखवलं, ते तुमास्नी दोन घास जावेत म्हणून.”