यंत्राचं कुंकू

“यंत्राचं कुंकू कुणी पुसाल तर याद राखा,” आमचे अध्यक्ष गुरकावले.

शेजारच्या दूध संघाने चेहरा पाहून हजेरी लावणारं यंत्र घेतलं, म्हणून आम्हीही घेतलं. अध्यक्षांच्या पत्नीने पूजेत थेट कॅमेऱ्यालाच कुंकू लावलं आणि तेव्हापासून अध्यक्षांसकट सगळा संघ गैरहजर. पण बायकोने लावलेलं कुंकू पुसायचं, तेही नवरा जिवंत असताना?

शेवटी शेजाऱ्यांचं कसं चालतं ते बघायला मला धाडलं. तिथलं यंत्र अजून खोक्यातच होतं.

“तुम्ही घेणार असं ऐकलं, म्हणून आमच्या साहेबांनी घाईने घेतलं,” तिथल्या व्यवस्थापक देवकुळेबाई म्हणाल्या. “तुमचं नीट चाललं की उघडू. कसं चाललंय?”

“झकास,” मी म्हणालो. “फक्त कॅमेऱ्याला कुंकू लावायला विसरू नका.”