परातीतलं पाणी

इंजिनिअरनं वॉकीटॉकीवर पंप बंद करायला सांगितलं आणि बुरुजाखालच्या तळघरात सगळ्यांनी श्वास रोखला. मधोमध, उघड्या कातळावर, पाण्यानं भरलेली परात ठेवली होती.

"दहा मिनिटं," तो म्हणाला. "त्याहून जास्त थांबता येणार नाही. पंप थांबले की खाणीत पाणी चढतं."

परातीपाशी म्हातारा मांडी घालून बसला होता. किल्ला बघायला येणाऱ्यांना माहिती सांगणं हा त्याचा धंदा. गाव त्याला चेष्टेनं किल्लेदार म्हणायचं. हे तळघर तर त्याच्या खास आवडीचं. वेढा पडला की शत्रू बुरुजाखाली सुरुंग खणायचा, म्हणून बांधणाऱ्यांनी ही खोली मुद्दाम खोदून ठेवलेली. भिंती अशा जाड की आत माणूस आडवा झोपेल, खिडकी एकही नाही, खाली फरशी नाही की माती नाही. इथं परात ठेवायची आणि डोळ्यांत तेल घालून बघत बसायचं. खाली कुदळ चालली की पाणी शहारायचं. या युक्तीवर किल्ला वाचला, हे सांगताना म्हाताऱ्याची छाती अशी फुगायची, जणू तो वेढा यानंच उठवला होता.

आता खाली होती ती आपलीच माणसं. खाणीचा बोगदा किल्ल्याच्या पोटाखालून जात होता. परवा तो मध्येच बसला. पलीकडे अडकलेल्यांत म्हाताऱ्याचा थोरला होता. काल म्हाताऱ्यानं परात मांडली, पाणी थरथरताना पाहिलं आणि धापा टाकत खाणीचं ऑफिस गाठलं. पंपांमुळे हलत असेल, असं तिथं सांगण्यात आलं. जमिनीखालचे आवाज ऐकायचं यंत्र शहरातून निघालं होतं म्हणे, आणि ते अजून निघालेलंच होतं. शेवटी इंजिनिअरनं मन घट्ट करून ठरवलं, पंप थांबवून बघू. पाणी हललं तर माणसं जिवंत आहेत, मग जुन्या बोगद्यातून तुकडी आत सोडू. तो जुना बोगदा इतका कच्चा झाला होता की आत कुणाला खोकायचीही भीती.

तुकडीत सगळ्यात पुढे म्हाताऱ्याचा धाकटा होता. हेल्मेट घालून जिन्यापाशी उभा होता. घरून निघताना बाप त्याला जा म्हणाला नव्हता आणि नकोही म्हणाला नव्हता.

पंपांची घरघर थांबली. परातीतलं पाणी थोडं डचमळलं, बारीक थरथरलं आणि मग अगदी गप्प झालं.

म्हातारा इतका वाकला की त्याचं स्वतःचंच तोंड त्याला पाण्यात दिसायला लागलं. मनातल्या मनात तो थोरल्यावर रागावत होता, लहानपणी शाळेसाठी उठवताना रागवायचा तसा. अरे, मार की एक घाव. एकच मार.

पाणी हललं.

काठापासून मध्ये एक बारीक लहर सरकली, पाठोपाठ दुसरी. तुकडीतल्या कुणाला तरी हुंदका आला. धाकट्यानं हेल्मेटचा पट्टा आवळला. इंजिनिअर पुढे झाला आणि म्हणाला, "काका, हललं ना?"

म्हाताऱ्यानं मान वर केली. समोर भिंतीला टेकून त्याची सून, थोरल्याची बायको, बसली होती. शालीखाली तिची मूठ कातळावर आपटत होती, आवाज होऊ न देता. तिनं सासऱ्याकडे बघितलं आणि नजर हटवली नाही.

त्याला वाटलं, हो म्हणून टाकावं. थोरल्यासाठी एवढं खोटं काही फार नव्हतं. मग त्याची नजर जिन्यापाशी गेली, धाकट्याच्या बुटांवर.

"वरून हललंय ते," तो म्हणाला. "खालून नाही."

"बाबा," सून हळूच म्हणाली, "असं नका ना करू."

इंजिनिअरनं तिच्या शालीकडे बघितलं आणि त्याला कळलं. दहा मिनिटं होऊन गेली होती. त्यानं वॉकीटॉकी खिशात ठेवला. पंप पुन्हा चालू करायला त्यानं कुणाला सांगितलं नाही.

तुकडी एकेक करून जिना चढू लागली. धाकटा बापाकडे न बघता वर गेला.

सून कातळावर मूठ मारतच राहिली, आता काही न लपवता. परातीत लहरीमागून लहर उठत होती, आणि तिकडे कुणीच बघत नव्हतं.