चौथी फांदी

"घट्ट धर," तोकुजिरो म्हणाला.

मिसाओने दोन्ही हातांनी जुनिपरचं खोड आवळून धरलं. झाड जेमतेम गुडघ्याएवढं, वय तीनशेच्या पुढे. तोकुजिरोच्या वडिलांनी दोराला लटकून ते कड्यावरून काढून आणलं होतं. आता त्याला जिवंत अशा फांद्या दोनच उरल्या होत्या. त्यातल्या जाड फांदीला बापलेकींनी सकाळपासून भिजवलेला वाख गुंडाळला होता, वरून तांब्याची तार चढवली होती. वाकवायचं तेवढं राहिलं होतं.

तोकुजिरो चौऱ्याहत्तर वर्षांचा. ओमियातल्या त्याच्या बोन्सायच्या बागेत लोक लांबलांबून झाडं घेऊन येत, ते या हातांसाठी. कुठे वाकवायचं ते डोळ्यांनी ठरवा आणि किती ते कानांनी, असं तो शिकणाऱ्यांना सांगे.

त्याने फांदीवर भार दिला. ती मुकाट खाली आली. मग आतून बारीक कुरकुर ऐकू आली.

इथे तो नेहमी थांबायचा. आज थांबला नाही.

"बाबा, बास."

तो झाडापलीकडे मान खाली घालून बसलेला. अंगठे रेटतच होते.

"बाबा, बोलतेय ती! थांबा!"

खोड सोडलं असतं तर मुळंच उखडली असती. मिसाओ जीव खाऊन ओरडली. तेवढ्यात काडकन आवाज झाला आणि फांदी त्याच्या तळहातात लुळी पडली. तेव्हा कुठे त्याने वर पाहिलं. फांदीकडे नाही, तिच्या ओठांकडे.

मिसाओला एकेक उमगत गेलं. फाटकावरची घंटा त्याने काढून टाकली होती, कटकट होते म्हणून. फोन वाजताना दिसला की तिच्याकडे सरकवायचा. तिला तो म्हातारपणचा तिरसटपणा वाटला होता.

"कधीपासून?" तिने सावकाश, ओठ नीट हलवत विचारलं.

"दोन वर्षं झाली."

"आणि अशा किती मोडल्या?"

तो तार सोडवायला लागला. "ही चौथी."

तिने वाकून त्याच्या नजरेसमोर तोंड आणलं. "लोकांची झाडं, बाबा!"

"साल सोलून पांढरं लाकूड करून टाकलं, मुद्दाम केल्यासारखं. गेल्या प्रदर्शनात तू तशाच एका फांदीपुढे किती वेळ उभी होतीस. म्हणालीस, वीज पडल्यासारखी दिसते."

तो उठला, सुरी घेऊन आला आणि मोडलेल्या फांदीची साल काढायला बसला. हात अगदी स्थिर होते. ओल्या सालीखालचं लाकूड हाडासारखं उघडं पडत गेलं.

"उद्यापासून तू वाकवायचं," तो म्हणाला. "मी नुसता शेजारी बसेन. कुणाला कळता कामा नये."

बाहेर वाटेवर झाडं बघत उभ्या असलेल्या दोन बायका दचकून वळल्या. त्यांनी हे दोघं बसलेल्या शेडकडे पाहिलं, मग एकमेकींकडे.

तोकुजिरोची सुरी थांबली.

"मिसाओ, मी मोठ्याने बोलतोय का गं?"

तिने मान हलवली. नाही.