बायकांच्या बाजूचं घड्याळ

"आजपासून नवरा-बायकोनं शेजारी बसायला हरकत नाही," नवे पाळकसाहेब उपासनेच्या सुरुवातीलाच म्हणाले. आमच्या चर्चमध्ये पुरुष उजवीकडं, बायका डावीकडं, हे माझ्या आजोबांच्या काळापासूनचं. करुणा गीतांचं पुस्तक घेऊन उठली आणि लाजत लाजत माझ्या बाकावर येऊन बसली.

लग्नाआधी ती डावीकडच्या भिंतीवरल्या घड्याळाखाली बसायची. उपदेश चालू असताना मी सारखा वेळ बघायचो. पुढं आमचं लग्न झालं, मुलं झाली, नातवंडांचे बाप्तिस्मे झाले. ती तिथंच बसत राहिली आणि मी दर रविवारी वेळ बघत राहिलो. कुणाला काही कळत नाही, अशी आपली माझी समजूत.

आज पहिलं गीत संपलं, तशी ती उठली आणि सगळ्या मंडळीदेखत परत घड्याळाखाली जाऊन बसली. माझं तोंडच उतरलं.

घरी जाताना मी विचारलं, "का गं, माझ्याजवळ करमलं नाही?"

"तुमच्याजवळ घरी असतेच की," ती म्हणाली. "पण ते घड्याळ केव्हाचं बंद पडलंय. मी तिथनं उठले, तर तुम्ही वेळ कुठं बघणार?"